डाव्या खांद्याचा शिमगा

गेल्या शिमग्याच्या आधी महिनाभर आमच्या अंगणात रोज संध्याकाळी एक पीटीचा मास्तर डाव्या खांद्यावर बांबू घेऊन नाचत असे. बांबूच्या मधोमध वाळूची दोन पोती बांधलेली, दुसऱ्या टोकाला पालीहून खास बोलावलेला मेहुणा आणि पडवीत बसून पोट धरून हसणारी बायको. तो मास्तर मी. निवृत्तीला आलेल्या माणसाने असं का करावं, हे सांगायचं तर आधी उजव्या खांद्याचं सांगायला हवं.

आजारी असताना मला सल्ले देणारे पुष्कळ भेटले. काय खावं, काय लावावं, कुठल्या देवाला काय बोलावं, सगळं कळलं. पण उपचार संपल्यावर, सगळ्यांनी ‘सुटलास बाबा’ म्हटल्यावर जी भीती सुरू होते, तिचं काय करायचं हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणून हे लिहितोय. मी काही धीरगंभीर माणूस नाही, शिट्टी फुंकण्यात हयात गेली, तेव्हा लिहिणंही थोडं मोठ्या आवाजातलं होईल.

देवीची खूण

आमचं गाव रत्नागिरीपासून रिक्षाने पाऊण तासावर, खाडीच्या काठाला. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि घरोघर जाते. नुसती जात नाही, नाचत जाते. पुढे-मागे खांदेकरी दांडा खांद्यावर घेतात आणि ढोलाच्या तालावर पालखी उसळवतात, गिरक्या घेतात, गुडघ्यावर बसतात, पुन्हा उठतात. हे पाहिलं नसेल त्याला मी कसं समजावणार? दांड्याखाली शिरलं की स्वतःचं वजन राहत नाही एवढंच सांगतो. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा शिरलो आणि मग ह्या आजारापर्यंत एकही शिमगा चुकवला नाही.

प्रत्येक खांदेकऱ्याचा एक खांदा ठरलेला असतो. मी उजवा. इतक्या वर्षांत दांड्याने घासून तिथे घट्टा पडला होता. पुढे त्या घट्ट्यावर एक खपली धरायला लागली. शिमग्यात ती निघायची, रक्त यायचं. मग आमचे गावकर अण्णा, म्हणजे देवीपुढे गावाच्या वतीने बोलणारे मानकरी, त्यावर अंगारा लावायचे. जुने खांदेकरी म्हणायचे, देवीने खूण दिली. मलाही ते पटायचं. सदऱ्याची कॉलर बाजूला करून मी ती खूण चार लोकांना दाखवत असे, आणि दाखवताना छाती थोडी पुढे काढत असे.

ती जखम पावसाळ्यात भरली नाही. गणपती आले तेव्हा तिच्या कडा वर आल्या होत्या. तरी देवीने दिलेली खूण डॉक्टरला दाखवायची, हे आमच्या वाडीत कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. आलं ते सुनंदाच्या, माझ्या बायकोच्या. ती म्हणाली, देवीला खूण द्यायची असती तर तिने ती अशी चिघळत ठेवली नसती. आठवडाभर भांडण झालं आणि नेहमीप्रमाणे ती जिंकली.

मास्तरची शिट्टी

रत्नागिरीतल्या त्वचेच्या डॉक्टर वयाने माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी विचारलं, कधीपासून आहे? मी पालखीचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, खांदा बधिर केला आणि जखमेचा एक तुकडा तपासायला घेतला. काही दिवसांनी आम्हा दोघांना समोर बसवून म्हणाल्या, ‘सर, हा कातडीचा कॅन्सर आहे. काढता येईल असा आहे.’

पहिलं वाक्य ऐकल्यावर दुसरं मला ऐकूच आलं नाही. मी काय बोललो असेन? मी विचारलं, शिमग्यापर्यंत बरं होईल ना? सुनंदाने टेबलाखालून असा चिमटा काढला की त्याचा वळ कॅन्सरपेक्षा जास्त दिवस दुखला.

घरी येताना ती बाजारात उतरली आणि आठ माणसांची भाजी घेऊन आली. घरात आम्ही दोघंच, मुलगी पुण्याला. दुसऱ्या दिवशी शाळेत कबड्डीचे सामने होते. मी दिवसभर भलत्या वेळी शिट्टी वाजवत राहिलो. बाद झालेल्याला आत ठेवलं, आतल्याला बाहेर काढलं. पोरं बिचारी मुकाट ऐकत होती, कारण माझा चेहरा त्या दिवशी भांडण्यासारखा नव्हता.

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. खांद्यावरचा तो सगळा भाग काढला आणि मांडीचं कातडं सोलून तिथे लावलं. कुणाला असं करायचं असेल तर एक सांगून ठेवतो: खांदा फारसा दुखत नाही, मांडी दुखते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी नर्सवर एवढा खेकसलो नसतो. ड्रेसिंग बदलणारी सिस्टर पक्की होती. मी मास्तर आहे हे कळल्यावर तिने मला पट्टी काढताना पाढे म्हणायला लावलं. सतराच्या पाढ्यात मी अडकायचो आणि शेजारच्या खाटेवरचे उसाच्या गावचे काका तिथून चुका काढायचे. त्या काकांना मधुमेहाने बेजार केलं होतं, पण दुसऱ्याचा पाढा चुकला की त्यांना हुशारी यायची. मला ते आवडायला लागलं होतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

सुनंदा एकदाच रडली, तेही भिंतीकडे तोंड करून. एकदा माझ्या खांद्याकडे बघून म्हणाली, ‘आता शड्डू ठोकायचा झाला तर खांद्यावर ठोका. मांडी तिथे आहे.’ हसताना टाके ओढले गेले, तरी हसलो.

मग किरणांचा उपचार झाला. कोल्हापूरला मावसभावाकडे राहिलो, रोज जायचं, काही मिनिटं झोपायचं, परत यायचं. कंटाळा, खाज आणि तांबडा-पांढरा रस्सा. गावात आम्ही चरबीची गाठ काढली असं सांगितलं होतं. कॅन्सर हा शब्द घरावर चिकटला की निघत नाही, असं दोघांनाही वाटलं. खांद्याचं दुखणं म्हणून सगळे विचारपूस करत राहिले आणि आम्ही ‘आता बरं आहे’ म्हणत राहिलो.

बरा झालेला माणूस

आणि मी बरा झालो. तपासणीला दर तीन महिन्यांनी यायचं, असं सांगून रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी मला सोडलं. पेढे वाटले. मुलगी येऊन गेली. शाळेत हजर झालो.

इथून पुढचं मला सांगायचं आहे. आजारात मला भीती वाटायला सवड नव्हती. कुणीतरी सतत काहीतरी टोचत, कापत, पुसत होतं. सवड मिळाली ती घरी आल्यावर. मैदानावर उभा असताना मानेला मुंगी चावली तरी मी शिट्टी टाकून मान चाचपायचो. घामोळं, डास, न्हाव्याच्या वस्तऱ्याचा ओरखडा, सगळं मला त्याचंच वाटायचं. मी पोरांच्या आणि मास्तरांच्या कातड्या न्याहाळू लागलो. एका पालक बैठकीत एका गृहस्थाच्या कानामागच्या तिळाकडे मी इतका वेळ बघत होतो की त्याने शेवटी विचारलं, काय लागलंय का तिथे?

मी ज्याला त्याला एकच प्रश्न विचारायचो. हे परत येतं का? मेहुणा म्हणायचा, छ्या, काही येत नाही. मुलगी म्हणायची, बाबा, पॉझिटिव्ह राहा. शेजारी म्हणायचे, चरबीची गाठ ती, परत आली तर परत काढायची. डॉक्टरीणबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘येऊ शकतं, म्हणून तर बोलावते.’ मला त्यांचा तेव्हा राग आला होता.

माणसाला स्वतःच्या खांद्यामागचं दिसत नाही. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पडवीत उघडा बसायचो आणि सुनंदा चष्मा लावून माझी पाठ, मान, खांदे बोटाने चाचपून बघायची. खांद्यावर लावलेल्या कातड्याचा तो चौकोन आजूबाजूपेक्षा फिकट आहे, थोडा खोलगटही. तिचं बोट त्याच्या कडेने फिरायचं तेव्हा मी श्वास धरून बसायचो. ‘काही नाही,’ असं ती म्हणाली की मी लगेच कांदेपोह्यांची फर्माईश करायचो. कधी तिचं बोट एखाद्या जागी रेंगाळलं तर मी तिच्यावर ओरडायचो, की लवकर बोल ना. मग ती दिवसभर बोलायची नाही. आजारात आम्ही भांडलो नाही तेवढे ह्या बरं असण्याच्या दिवसांत भांडलो.

डावा

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, माघात, डॉक्टरीणबाईंनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मी भीत भीत पालखीचा विषय काढला. त्या म्हणाल्या, उजव्या खांद्याला दांडा लागता कामा नये, कधीच. मी मान हलवली. मग मला सुचलं आणि मी खुर्चीतून उठूनच विचारलं, ‘आणि डावा?’

त्या हसल्या. ‘डाव्याला मी हात लावलेला नाही, सर. तो तुमचा तुम्ही बघा.’

मी बाहेर आलो तो पीटीच्या तासाला धावावं तसा. दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच गावकर अण्णांना फोन लावला की ह्या वर्षी माझं नाव धरा, डाव्या बाजूला. अण्णांना वाटलं मी चेष्टा करतोय. उजवा माणूस डावा होत नाही, असं सगळे खांदेकरी म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. सगळ्या आयुष्यात दांडा माझ्या उजव्या कानाशी होता. तो डाव्या कानाशी आल्यावर पाय कुठे टाकायचे हेच कळेना. गिरकी उलटी, झुकणं उलटं, गुडघाही दुसराच टेकायचा. पहिल्या संध्याकाळी मी मेहुण्याला घेऊन गोठ्यामागच्या शेणखतात गेलो. मेहुणा पालीत दुकान चालवणारा, कपड्यांना इस्त्री लागणारा माणूस. तरी दुसऱ्या दिवशी जुना लेंगा घेऊन परत आला.

हळूहळू जमत गेलं. एका संध्याकाळी गिरकी घेतली आणि पोती न डुचमळता फिरली. सुनंदा पडवीतून उठून उभी राहिली. मी किती खूश होतो ते लिहिता येणार नाही. परत येण्याची ती भीती त्या महिन्यात मी अक्षरशः विसरलो होतो. ज्यांना ही भीती आहे त्यांना माझं सांगणं आहे की शरीराला काहीतरी नवीन शिकवा. त्याला धडपडू द्या.

तांदळाएवढं

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात पहिला रविवार आला. मी उत्साहात बोलत होतो, ढोलाचा ठेका तोंडाने वाजवत होतो. सुनंदाचं बोट त्या चौकोनाच्या मानेकडच्या कडेला थांबलं. पुढे गेलं. परत आलं.

‘चहा टाकते,’ ती म्हणाली आणि आत गेली. चहा काही आला नाही. आली ती हातात बॅटरी घेऊन, भर उन्हात. मग तिला मला काही सांगावं लागलं नाही. मी माझं बोट मागे नेलं आणि तिने ते त्या जागेवर ठेवलं. तांदळाच्या दाण्याएवढी, कडक गाठ होती.

मी म्हणालो, शिमगा झाला की दाखवू. आठवड्याने काय बिघडतंय? ती गाठ कुठे पळून जात नाही. मी खूप बोललो, एवढंच आठवतं. आवाज चढला, मी बांबू अंगणात फेकला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, ‘देवी पुढच्या वर्षी पण येणार आहे. तुम्ही असाल की नाही, ते विचारायला चला.’

इतक्या वर्षांच्या संसारात तिने मला असं कधी सुनावलं नव्हतं. मी सदरा घातला.

रविवार असूनही डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात बोलावून गाठ बघितली, मान आणि बगल दाबून तपासली. म्हणाल्या, सगळी गाठच काढून तपासायला पाठवू. टाके पडतील. म्हणजे ढोल नाही, दांडा नाही, डावा नाही, उजवा नाही, कारण धक्का कुठल्याही खांद्याला बसला तरी टाके ताणणार. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी सांगितलं, ‘मी अंदाज सांगणार नाही, सर. चांगला सांगितला तर तुम्हाला पटणार नाही, वाईट सांगितला तर तुम्ही जेवणार नाही.’ गाठ काढून पाठवली, पण मध्ये सणाच्या सुट्ट्या होत्या. निकाल येणार होता पालखी आमच्या घरी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

मी खांदेकऱ्यांना सांगितलं की जमत नाही. त्यांनी यथेच्छ टिंगल केली. डावा शेणखतात पडला म्हणून घाबरला, असं गावभर झालं. मी हसून घेतलं. खरं कारण सांगायचं तर तो शब्द उच्चारायला लागला असता, आणि त्या दिवसांत माझ्या डोक्यात गाठीशिवाय दुसरं काही नव्हतंच. सकाळी उठलो की गाठ, जेवायला बसलो की गाठ. पुन्हा किरणं, पुन्हा मांडी, पुन्हा ते पाढे. आणि ती आतवर गेली असेल तर? मुलीला कळवायचं की नाही यावरून दोघांत वाद झाला आणि शेवटी नाही कळवलं.

अंगणात

पालखी आली. आधी लांबून ढोल ऐकू येतो, मग वळणावर गुलालासारखी धूळ दिसते, मग अब्दागिरीचं टोक. मी सकाळपासून सारवलेलं अंगण राखत होतो, कोंबड्यांना हाकलत होतो, उगाच पाट सरकवत होतो. खांद्याला पट्टी, अंगावर नवा सदरा. सुनंदाने ओटीचं ताट तयार ठेवलं होतं. वाडीच्या माहेरवाशिणी, सासरहून शिमग्यासाठी आलेल्या लेकी, पडवीत जमल्या होत्या.

पालखी अंगणात शिरली आणि नाचायला लागली. माझ्या जागी दुसरा होता, चांगला नाचत होता. माझे पाय जागच्या जागी ठेका धरत होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी इतका आनंद होत होता की मी मोठ्याने ओरडत होतो, ‘खाली घे, खाली घे, आता उसळव.’ सुनंदाने माझा हात घट्ट धरून ठेवला, कारण मी दांड्याखाली घुसेन अशी तिला भीती होती. आणि मी घुसलो असतो.

मग पालखी पाटावर बसली. ओटी भरून झाली. ढोल थांबले आणि अण्णा गाऱ्हाणं घालायला पुढे आले. गाऱ्हाणं म्हणजे घरच्या माणसांचं जे काही असेल ते देवीच्या कानावर घालायचं, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न, कुणाची कोर्टातली केस. अण्णांना सगळं तोंडपाठ. त्यांनी मला हळू विचारलं, ‘काय सांगू, दिगंबर? खांद्याचं दुखणं बरं व्हावं, असंच ना?’

मी हो म्हणायला तोंड उघडलं. समोर देवीचं चांदीचं रूप होतं. मला वाटलं, हिच्यापुढे सुद्धा चरबीची गाठच सांगायची काय?

‘अण्णा,’ मी म्हणालो, आणि पीटीच्या मास्तराचा आवाज तो, सगळ्या अंगणाला गेला. ‘खांद्याचं दुखणं नव्हे. मला कॅन्सर झाला होता. कोल्हापूरला काढला. परत आलाय काय, ते उद्या कळणार आहे. तेवढं सांगा.’

ढोलवाल्याने हातातली काठी काखेत धरली. अण्णांनी आयुष्यात हजार गाऱ्हाणी घातली असतील, पण हा शब्द त्यांच्या एकाही गाऱ्हाण्यात आला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी हात जोडले आणि नेहमीच्या सुरात सुरुवात केली.

‘हे आई, ह्या तुज्या लेकरानं तुजी पालखी खांद्यावर खेळवली. त्याच्या खांद्याला कॅन्सर झाला, तो तू मोडलास.’

‘व्हय म्हाराजा.’

‘आता तो परत येवू नये. आला आसंल, तर उंबऱ्यावरनंच त्याला माघारी धाड. आणि उद्या जो काय निकाल येईल, तो सोसायचं बळ ह्या घराला दे, आई.’

‘व्हय म्हाराजा.’

त्या दुसऱ्या ‘व्हय म्हाराजा’त माझ्या शेजारून एक बाईचा आवाज आला. आमच्याकडे बायका ते म्हणत नाहीत. सुनंदाने म्हटलं होतं, आणि पडवीतल्या माहेरवाशिणी तिच्याकडे बघत होत्या. मी तेव्हा रडलो, सगळ्यांसमोर, सदऱ्याच्या बाहीला नाक पुसत. दोन वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं. खांदेकऱ्यांनी पालखी उचलली आणि आमच्या अंगणात नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ नाचवली.

पालखी पुढच्या घरी गेली तरी एक माहेरवाशीण पडवीत मागे राहिली. शेवंतीकाकी. रत्नागिरीत बंदराजवळ राहते, मासे विकते, भावाकडे शिमग्याला आलेली. तिचं कुंकू रुपयाएवढं मोठं, त्यावरून वाडीतल्या बायका तिला चिडवतात. ती माझ्यासमोर बसली, पदराचं टोक जिभेने ओलं केलं आणि कुंकू पुसलं. खाली एक पुळी होती, मध्ये खड्डा पडलेली, कड मोत्यासारखी चकाकणारी.

‘बघ रे, दिगू,’ ती म्हणाली. ‘ही भरतच नाय. कुंकवाखाली झाकते मी.’

किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली, दोन गणपती झाले. कुंकवाची असेल, उन्हाची असेल, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. मी म्हटलं, उद्या आमच्याबरोबर चल. उद्या बोट लागणार, माल घ्यायचा आहे, असं ती सांगू लागली. सुनंदाने तिला पुढे बोलू दिलं नाही.

बाकावर

काकी रात्रीच घरी परतली होती, दुसऱ्या दिवशी तिला बंदराजवळून घेतल्यावर रिक्षात आम्ही तिघं. मी मध्ये. दवाखान्यात आमचा नंबर पहिला लागला. डॉक्टरीणबाईंनी मी खुर्चीत टेकायच्या आतच सांगितलं, ‘सर, कॅन्सर नाही. जुन्या जखमेच्या व्रणात धरलेली साधी गाठ होती.’

मी म्हटलं, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. मी म्हटलं, आता हिला सांगा. त्यांनी सुनंदाला सांगितलं. मग माझ्या तोंडून शिमग्यात मारतात तशी आरोळी निघाली आणि बाहेरचा कंपाउंडर दार उघडून आत आला. सुनंदा हसत होती आणि डोळे पुसत होती. तपासणीला पुन्हा तीन महिन्यांनी यायचं, हे सांगायला डॉक्टरीणबाई विसरल्या नाहीत. मला ह्या खेपेला त्यांचा राग आला नाही. खोटा दिलासा न देणारं एक माणूस आपल्याला मिळालंय, एवढं मला आता कळत होतं.

मग शेवंतीकाकी आत गेली. सुनंदा तिच्याबरोबर गेली, मी बाहेर बाकावर बसलो. बराच वेळ लागला. आतून तिचा एकदा ‘आई गं’ असा आवाज आला. बाहेर आली तेव्हा कपाळावर कुंकवाच्या जागी पांढरी पट्टी होती. सुनंदाने मला सांगितलं की तुकडा तपासायला घेतलाय, पण डॉक्टरीणबाईंना बघूनच बहुतेक खात्री आहे. लहान आहे, सगळी काढता येईल.

काकी माझ्या शेजारी बसली. तिच्या हातांना मासळीचा वास होता, म्हणजे निघण्याआधी पहाटे उठून तिने माल घेतलाच होता. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मी तिला म्हटलं, सुई टोचताना दुखतं, नंतर नाही. तिने मान हलवली. तिला ते विचारायचं नव्हतं.

‘दिगू, काढल्यावर ता परत येतंय काय रे?’

मेहुण्याने, मुलीने, शेजाऱ्यांनी मला दिलेली सगळी उत्तरं माझ्या तोंडापर्यंत आली. छ्या, काही येत नाही, असं म्हणायला मला एक क्षण लागला नसता. आणि ते ऐकून माझं काय व्हायचं तेही मला माहीत होतं.

‘येतं कधी कधी,’ मी म्हणालो. ‘बऱ्याच जणांचं येत नाही. माझं आज आलं नाही.’

तिने पट्टीवर एकदा बोट फिरवलं.

‘आज नाय ना?’

‘आज नाही.’

‘मंग आज माज्याकडं जेवायला चला,’ ती म्हणाली आणि पदर खोचून उठली. ‘बांगडे ठेवलेत घरात. ताजे हायत तवर खाऊ.’

सुनंदाने रिक्षावाल्याला बंदराकडे घ्यायला सांगितलं.